कानाच्या रेषेत

यंत्राच्या पडद्यावर पाच-सहा आकडे होते, पण तिला दिसायचा तो एकच. नाडीचा हिरवा, रक्तदाबाचा लाल, प्राणवायूचा निळा, हे सगळे तिच्या लेखी शेजारपाजारचे. घरचा म्हणावा असा एकच, सगळ्यात खालच्या ओळीतला पांढरा. तो तिच्या नवऱ्याच्या डोक्यातला दाब होता. आकडा वीसच्या खाली असला की ती श्वास सोडायची. वीसच्या वर गेला की तो रोखून धरायची. आणि वर जाऊन तिथेच ठाण मांडून बसला, की यंत्र असं केकाटायचं की ती उठून उभीच राहायची.

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. कवटी म्हणजे हाडाची पेटी, ती काही ताणली जात नाही. आतला मेंदू मात्र मार लागला की सुजतो. जागा तेवढीच आणि सूज वाढलेली, मग दाब चढतो, आणि दाब फार चढला की मेंदूला रक्तच पोचत नाही. म्हणून कवटीला बारीक भोक पाडून आत एक नळी सोडली होती. ती बाहेर येऊन पलंगाशेजारच्या खांबावरच्या एका डबीत जायची. डबी दाब मोजायची, आणि दाब जास्त झाला की मेंदूतलं पाणी खांबावरच्याच एका पारदर्शक नळकांड्यात थेंब थेंब पडायचं. हे सगळं तिने मान डोलावत ऐकलं आणि त्यातलं एकच वाक्य घेऊन बाहेर आली, की वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. जसं काही ते तिच्याच हातात होतं.

दिवसपाळीच्या सिस्टरचं नाव तिने आणि तिच्या नणंदेने ‘गवंडीण’ ठेवलं होतं. कारण असं, की या बाईच्या खिशात कायम बुडबुड्याची एक पट्टी असायची, गवंडी भिंत घालताना वापरतो तशी. पट्टीचं एक टोक ती पेशंटच्या कानाशी धरायची, दुसरं डबीवरच्या लाल खुणेशी, आणि मधला बुडबुडा अगदी मधोमध येईपर्यंत डबी खांबावर वर-खाली करत राहायची. चादर बदलली, लाव पट्टी. उशी सरकली, लाव पट्टी.

“एवढं काय बघता हो सारखं?” तिने एकदा विचारलं होतं.

“कान आणि डबी एका रेषेत पाहिजेत,” गवंडीण म्हणाली होती. “बेड हलला आणि रेषा मोडली, की आकडा खोटं बोलतो. आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून बसतो.”

ते ऐकून ती हसली होती. ती स्वतः शिवणकाम करायची, पडद्यांचे काठ दुमडून कोरी मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि एखादी कोर दोऱ्याएवढी वाकडी गेली तरी तिला ती लांबून दिसायची. तिला वाटलं, बाई आपल्यासारखीच आहे, कामात काटेकोर. त्या बोलण्यातला इशारा तिच्या डोक्यावरून गेला.

आता पडद्यांचंच निघालं म्हणून सांगायचं. अख्ख्या इमारतीच्या खिडक्यांना तिने शिवलेले पडदे होते आणि तिच्या स्वतःच्या खिडकीला काही नव्हतं. नवरा बस चालवायचा. दमून घरी यायचा आणि पडद्याची दांडी बसवायचं काम उद्यावर ढकलायचा. त्यावरून तिने महिनाभर त्याचं डोकं खाल्लं होतं. हे शब्द आता तिला मनातसुद्धा उच्चारवत नव्हते. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो शिडी लावून चढला आणि म्हणाला, “अगं, जरा शिडी धर.” ती मशीनवर होती. एका गिऱ्हाइकाची कोर अर्धी राहिली होती, आणि नाकावर रागही होता. “महिनाभर मी थांबले, आता दोन मिनिटं तुम्ही थांबा,” असं ती मागे वळूनही न बघता म्हणाली. तो थांबला नाही. शिडीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज तिने ऐकला, आणि मग दुसरा आवाज.

नणंदेला तिने सांगितलं होतं, “मी स्वयंपाकघरात होते.”

मोठ्या नणंदबाई म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. माणसांपेक्षा त्यांचा आकड्यांवर विश्वास जास्त. भावाला त्या अजून ‘ढब्या’ म्हणायच्या, तो आता काठीसारखा वाळलेला, मिशीवाला बाप्या असला तरी. ढब्या पडला तेव्हा बायको कुठे होती, हा हिशेब त्यांना लागलेला नव्हता, आणि न लागलेला हिशेब सोडून देणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

त्यात पहिल्याच भेटीला तो प्रकार झाला. ती नवऱ्याच्या कानाशी वाकून ‘अहो’ एवढंच म्हणाली आणि पांढरा आकडा पंधरावरून थेट सव्वीसवर गेला. यंत्र केकाटलं. गवंडीण धावत आली, तिने त्याची मान सरळ केली, औषध वाढवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “त्यांना आत्ता शांतता लागते. आवाज, स्पर्श, कशानेही चढतो. कुणाच्याही आवाजाने चढतो, घाबरू नका.” ‘कुणाच्याही’ हा शब्द तिच्या कानात शिरलाच नाही. काचेबाहेरून नणंद बघत होती. ती बाहेर आल्यावर नणंदबाई म्हणाल्या, “माझ्या वेळी नाही चढला.” बस्, एवढंच.

तेव्हापासून ती त्याच्याजवळ मूग गिळून बसायची. हात मांडीवर, डोळे पांढऱ्या आकड्यावर. तिची खात्रीच झाली होती, की आत त्या सुजलेल्या अंधारात त्याला सगळं ठाऊक आहे. शिडी धर म्हटलं होतं, धरली नाहीस. आता कशाला अहो करतेस? तिला त्याच्या मरणाची भीती होतीच, पण त्याहून एक भीती अशी होती जी कुणाला सांगता येत नव्हती. तो आपल्यावर रागावलेलाच जाईल, आणि तो राग सगळ्यांच्या देखत पडद्यावर आकड्यात दिसेल.

त्या दिवशी दुपारी मात्र डॉक्टर म्हणाले, सूज जरा आटोक्यात आहे, आता घरच्यांनी हळू आवाजात दोन शब्द बोलायला हरकत नाही. आकडा अठरा होता. अठरा म्हणजे उंबरठ्यावरच, पण आतल्या बाजूला. गवंडिणीने नुकतीच चादर बदलली होती. आपल्या कमरेला सोयीचं म्हणून तिने पलंग चांगला उंच घेतला होता, डबी कानाच्या रेषेत आणली होती, बुडबुडा बघितला होता. एवढ्यात शेजारच्या, कापडी पडद्यापलीकडच्या पेशंटचं यंत्र ओरडायला लागलं आणि ती हातातलं टाकून तिकडे पळाली. पलंगाच्या बटणांना कुलूप लावायचं राहून गेलं.

ती स्टुलावर बसली. स्टूल बुटकं, पलंग उंच. त्याचा कान तिच्या डोक्याच्याही वर होता. तिथून बोलायचं म्हणजे आवाज चढवावा लागणार, आणि आवाज चढवायची तिची छातीच नव्हती. उभं राहून वाकावं, तर पहिल्या भेटीला तसंच वाकून ‘अहो’ म्हटल्यावर चढलेला सव्वीस आठवत होता. तिने बटणांकडे बघितलं. खालचा बाण कुठला ते वॉर्डबॉय दाबताना तिने पाहिलं होतं. तिने तो दाबला. पलंग जराही कुरकुर न करता खाली आला, अगदी तिच्या हनुवटीपर्यंत. मग तिने तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि डोळे मिटून, जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू, सगळं सांगितलं. मशीनवर होते. ऐकलं होतं मी. मुद्दामच उठले नाही. तुमच्या बहिणीला खोटं सांगितलं. रागवा माझ्यावर, पण उठून रागवा.

डोळे उघडायची तिला भीती वाटत होती. उघडले, आकड्याकडे बघितलं, तर आठ.

आठ! इतका खाली तो कधीच आला नव्हता. ती बघत राहिली. आठच. एकदा नऊ झाला, परत आठ. आवाज वाढवायला नको म्हणून तिने पदर तोंडात कोंबला आणि ढसाढसा रडली. ऐकलं यांनी. ऐकलं आणि सोडून दिलं. शेजारच्या पडद्याआडून गवंडिणीने मान बाहेर काढून लांबूनच आकड्यावर नजर टाकली, “आठ? वा, छान आहे,” म्हणाली आणि परत आपल्या कामात गेली.

बाहेर येऊन तिने नणंदेला सांगितलं, तर नणंदबाई घाईघाईने आत गेल्या, आणि बराच वेळ आत राहून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. “अगं, माझ्यासमोर पण आठच,” त्या म्हणाल्या. “काय बोललीस तू त्याच्याशी?” उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. नणंदबाईंनी मशीनमधून चहा आणला, तिच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. “मी तुला फार टोचून बोलले गं,” त्या म्हणाल्या. “माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.” इतक्या दिवसांत तिच्या घशाखाली गरम म्हणून उतरलेली ती पहिलीच गोष्ट. तिच्या जिवात जीव आला. शिडीचं सांगायची आता गरजच काय, असाही एक विचार येऊन गेला, आणि तिने तो चहाबरोबर गिळून टाकला.

भेटीची वेळ संपत आली तेव्हा ती निरोप घ्यायला पुन्हा आत गेली. आकडा दहा होता. दहाही छानच. शेजारच्या पडद्याआडची गडबड अजून चालूच होती. ती स्टुलावर बसली आणि सवयीने नळकांड्याकडे बघितलं.

थेंब पडत नव्हता.

ती वाट बघत राहिली. एरवी इतक्या वेळात थेंब तयार होऊन, जरा लोंबकळून, पडून जायचा. आज नळीचं टोक कोरडं होतं. दाबच उतरलाय तर पाणी कशाला येईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. एरवी तो हात कणकेच्या गोळ्यासारखा मऊ पडलेला असायचा. आता तो कोपरात ताठ झाला होता आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळलं होतं, असं, की जागा माणूस हात तसा ठेवणार नाही. तिने पडद्यावर शेजारपाजारच्या आकड्यांकडे बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. नाडी पार मंदावली होती, रक्तदाब चढला होता. पांढरा आकडा म्हणत होता सगळं छान आहे, आणि बाकी अख्खा माणूस म्हणत होता, नाही.

ती स्टुलावर तशीच बसून राहिली, आणि मग तिला दिसलं. उशी तिच्या हनुवटीशी होती. कान तिच्या तोंडासमोर होता. आणि डबीची लाल खूण? ती वर होती. चांगली वीतभर वर.

दोऱ्याएवढी वाकडी कोर लांबून ओळखणारी बाई, आणि वीतभर वाकडी रेषा तिच्या नाकासमोर इतका वेळ होती. पलंग आपण खाली घेतला. डबी खांबावर तिथेच राहिली. नळीतलं पाणी वर चढेना, म्हणून थेंब थांबला, आणि आकडा खोटं बोलायला लागला. त्याने काही ऐकलं नव्हतं. काही सोडून दिलं नव्हतं. ती क्षमा मागत होती आणि त्याच्या डोक्यात पाणी साचत होतं.

तिचं बोट आपसूक वरच्या बाणावर गेलं. पलंग चढायला लागला तसा आकडाही चढायला लागला. बारा. चौदा. सोळा. अठरा. तिने बोट उचललं. अठरा म्हणजे वीसच्या आत. यंत्र ओरडणार नाही. दुपारी तिने बाण दाबला तेव्हा अठराच तर होता. आत्ता इथेच थांबलं, तर कुणालाही काही कळणार नाही. गवंडीण येऊन बघेल, पट्टी लावेल, तिचं ती नीट करेल. पाठीवरचा नणंदेचा हात तिथेच राहील. काचेबाहेर नणंदबाई उभ्या होत्या आणि तिच्याकडे बघून हसत होत्या.

तिने कानाकडे बघितलं. कान अजून रेषेच्या खालीच होता.

“सिस्टर,” तिने हाक मारली, पण सवयीने तीही दबक्या आवाजात. दुसऱ्यांदा ती इतकी मोठ्याने ओरडली की पडद्यापलीकडची सगळी गडबड क्षणभर थांबली. “सिस्टर, मी पलंग खाली घेतलाय! मघाशीच घेतलाय!”

गवंडीण आली ती बुडबुड्याची पट्टी खिशातून काढतच. एका नजरेत तिने डबी बघितली, कान बघितला, हात बघितला. तिने आधी नळीची चावी बंद केली. “नाहीतर आता एकदम सगळं वाहून जाईल,” ती म्हणाली, स्वतःशीच म्हणाल्यासारखी. मग पलंग वर, कान रेषेत, बुडबुडा मधोमध. आकडा चौतीसवर जाऊन उभा राहिला आणि यंत्राने खोली डोक्यावर घेतली.

“कधी घेतलात खाली? खरं सांगा, औषध त्यावर ठरतं.”

“वन्सं आत यायच्या आधी. तुम्ही आठ म्हणालात, त्याच्याही आधी.”

गवंडिणीचा चेहरा बदलला, पण ती रागावली नाही. तिने डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावतच आले, त्यांनी पापण्या वर करून एकेका डोळ्यात बॅटरी मारली. “डावी बाहुली मोठी आहे,” ते म्हणाले. तीव्र मिठाचं पाणी चढवलं, चावी किंचित किलकिली केली. नळकांड्यात थेंब पडला, मग दुसरा. कुणीतरी तिचे खांदे धरून तिला दाराबाहेर नेलं.

बाहेर नणंदबाईंच्या हातातला चहाचा रिकामा पेला चुरगळून गेला होता. “काय झालं? आठ होता ना? आठ होता ना गं?”

तिने सांगितलं. पलंगाचं सांगितलं, आणि सुरुवात केलीच होती म्हणून शिडीचंही सांगितलं. ते ‘शिडी धर’ म्हणाले होते. मी स्वयंपाकघरात नव्हते, वन्सं. मी तिथेच होते. नणंदबाई ऐकत राहिल्या. मग उठल्या आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. गवंडीण बाहेर आली तेव्हा तिची टोपी वाकडी झाली होती. “डोक्याचा फोटो काढून आणला, नवीन रक्तस्राव नाही,” ती म्हणाली. “बाहुली थोडी लहान झालीय, पूर्ण नाही. किती नुकसान झालंय ते आज कुणीच सांगू शकणार नाही, डॉक्टरसुद्धा. तुम्ही हाक मारायला अजून उशीर केला असतात तर मी तुमच्याशी हे बोलत नसते.” मग ती जराशी थांबली. “बटणांना कुलूप लावायला मी विसरले. आणि आठ बघून मीही रेषा न बघताच छान म्हणाले. ते मी डॉक्टरांना सांगितलंय.”

आत एका वेळी एकानेच जायचं असा नियम होता. गवंडिणीने दोघींकडे बघितलं आणि दार उघडं धरलं.

पलंग पुन्हा उंच होता. आकडा एकोणीस. ती पलंगापासून हातभर लांब उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून, कशालाही चुकूनसुद्धा धक्का लागू नये म्हणून. त्याचा हात पुन्हा मऊ पडला होता. डोळे मिटलेले. त्या मिटलेल्या पापणीमागे कोण उरलंय, तिचा नवरा की नुसतं त्याचं अंग, हे विचारायचं धाडस तिला होत नव्हतं.

“बोललात तरी चालेल,” गवंडीण म्हणाली. “हळू बोला. थोडा चढेल, आणि उतरेलही. चढला तर चढू दे. ऐकताहेत, असंच समजायचं.”

तिला बोलवेना. तेवढ्यात नणंदबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. त्यांनी पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला, मुठी पांढऱ्या होईपर्यंत घट्ट. तिच्याकडे न बघता, भावाकडे बघत त्या म्हणाल्या,

“बोल तू त्याच्याशी. मी धरते.”

तो टोमणा होता की आधार, ते तिला कळलं नाही. विचारायची तिची हिंमतही नव्हती. ती पुढे झाली, स्टुलावर न बसता वाकली, आणि त्या कानाशी म्हणाली, “अहो, मी आहे.”

एकोणीस. एकवीस. बावीस. कठड्यावरचे हात हलले नाहीत. नळकांड्यात थेंब तयार झाला, जरासा लोंबकळला, आणि पडला. तिघी जणी श्वास रोखून आकड्याकडे बघत राहिल्या.

एकवीस.